शिफारस आणि हुकूम

"मारतो का तो तुला?"
"नाही, चाचा."
"दारू? जुगार?"
"नाही."
"घरखर्चाला कमी पडू देतो?"
"नाही."
"मग बेटी, त्रास कसला?"

माहेरी परत आलेल्या मुलीला जमातीच्या बैठकीत विचारले जाणारे हे प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. आम्हीही अशा बैठकींत बसलो आहोत. शेवटच्या प्रश्नावर मुलगी गप्प झाली की आम्ही प्रकरण मिटले असे धरले, तिला सबर करण्याचा सल्ला दिला आणि चहा घेऊन घरी आलो. ती गप्प का झाली, हे मात्र कोणी विचारले नाही.

सांगण्यासारखे तिच्याकडे नव्हते असे नाही. पण जे होते ते फार किरकोळ वाटणारे होते. तिचा मोबाईल रोज रात्री तपासला जातो. बहिणीचा फोन आला तर तो स्पीकरवर लावूनच बोलायचे. बाजारातून यायला दहा मिनिटे उशीर झाला तर व्हिडिओ कॉल करून कुठे आहे ते दाखवायचे. शाळेतली नोकरी तिने 'स्वतःहून' सोडली. पगार येत होता तेव्हाही एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असे. तो ओरडत नाही, फक्त चार-चार दिवस बोलत नाही, आणि ती माफी मागेपर्यंत मुलांशीही बोलत नाही. यातली एकेक गोष्ट सुटी काढून बैठकीत मांडली तर लोक हसतील. सगळ्या मिळून मात्र असे घर तयार होते, ज्यात ती श्वासही त्याच्या चेहऱ्याकडे बघून घेते.

आपल्याकडे याला 'धाकात ठेवणे', 'मुठीत ठेवणे' म्हणतात, आणि ते बरेचदा कौतुकाने म्हणतात. अमेरिकन अभ्यासक इव्हान स्टार्क यांनी 2007 साली याच विषयावर पुस्तक लिहिले. अशा नात्यात बाईच्या अंगावरच्या जखमेपेक्षा तिचे हिरावलेले स्वातंत्र्य हा मोठा गुन्हा आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने अशा वागण्याला स्वतंत्र गुन्हा ठरवले. त्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून ही विलायती कल्पना आहे असे कोणी समजू नये. आपल्याच देशातला 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा काढून पाहावा. पत्नीला कोणत्या कारणांनी निकाह रद्द करून मागता येतो, ते त्यात दिले आहे. क्रूरतेच्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, नवऱ्याच्या वागण्याने तिचे जगणे असह्य झाले असेल तर मारहाण झालीच पाहिजे असे नाही. तिच्या मालमत्तेवरचा हक्क तिला बजावू न देणे, तिच्या धर्माचरणात अडथळा आणणे हेही त्याच कलमात येते. पुढे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा म्हटले. म्हणजे 1939 पासून कायदा जे सांगत आला, ते आमच्या बैठकींना अजून ऐकू आलेले नाही.

आणि कायद्याच्याही किती आधी कुरआन शरीफने हे सांगितले होते! अरबस्तानात बाईला तलाक द्यायचा, इद्दत संपत आली की परत घ्यायचे, पुन्हा सोडायचे, अशा रीतीने तिला ना नांदवायचे ना मोकळे करायचे, ही चाल होती. सूरह बकराच्या 231 व्या आयतीत ती मोडून काढली आहे. ठेवायचे तर भलेपणाने ठेवा, नाहीतर भलेपणाने जाऊ द्या. छळण्यासाठी अडकवून ठेवणारा स्वतःवरच जुलूम करतो, असा तिचा आशय आहे. तिथे मारहाणीचा उल्लेखही नाही. मेहरबाबतही सूरह निसाने स्त्रीच्या राजीखुशीची अट घातली आहे. पहिल्या रात्री नव्या नवरीकडून 'माफ केला' असे वदवून घेणाऱ्यांनी ती राजीखुशी कुठून आणली?

यावर हमखास उत्तर येते, ते म्हणजे पुरुष 'कव्वाम' आहे. आहे ना! पण त्याच आयतीत पुरुष आपल्या मालातून खर्च करतो, हे त्याचे एक कारण दिले आहे. कव्वाम म्हणजे भार उचलणारा. बायकोच्या कमाईवर कब्जा करण्याची परवानगी त्या शब्दातून काढणे हा त्या शब्दावरही अन्यायच आहे.

तरी एक खरा प्रश्न उरतो. काळजी आणि ताबा यांतली रेषा कुठे ओढायची? रात्री उशीर झाला तर 'कुठे आहेस?' असे विचारणारा प्रत्येक नवरा जुलमी नसतो. आम्हाला याचे उत्तर बरीरा यांच्या हकिकतीत सापडते. बुखारी शरीफमध्ये ती आली आहे. बरीरा गुलामीतून मुक्त झाल्या. त्यांचे पती मुगीस हे गुलाम होते. आता त्या निकाहात राहायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बरीरांना मिळाला आणि त्यांनी वेगळे होण्याचे ठरवले. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. ते पाहून प्रेषित मुहंमद (स.) यांनी बरीरांना परत जाण्याविषयी सुचवले. बरीरांनी विचारले, हा हुकूम आहे का? उत्तर मिळाले, नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. बरीरा म्हणाल्या, मग मला त्यांची गरज नाही. आणि गोष्ट तिथेच संपली.

काल-परवापर्यंत गुलाम असलेली एक स्त्री अल्लाहच्या रसूलला 'नाही' म्हणू शकली आणि सुखरूप घरी गेली. आमच्या मते रेषा नेमकी इथे आहे. 'नाही' म्हटल्यावर जिला काही भोगावे लागत नाही, तिची काळजी घेतली जाते आहे. जिला भोगावे लागते, ती ताब्यात आहे. मग तो ताबा नवऱ्याचा असो, सासूचा असो, भावाचा असो की आमच्या बैठकीचा. कारण आमचा 'सबर कर' हा सल्ला तरी शिफारस होता का? तो नाकारण्याची सोय आम्ही तिला ठेवली होती का?

घरातली भांडी बाहेर वाजवू नयेत, आधीच आपल्या समाजाकडे बोटे दाखवायला लोक टपलेले आहेत, असे काहीजण म्हणतील. टपलेले आहेत, हे खरे. पण हा रोग एका समाजाचा नाही. इंग्लंडने तो कायदा आपल्यासाठी केला नव्हता. आणि समाजाच्या अब्रूची किंमत दरवेळी त्या एका मुलीनेच का मोजायची?

म्हणून पुढच्या बैठकीआधी एवढे तरी करू या. घरातल्या एखाद्या जाणत्या आपाने किंवा खालाने तिला एकटीला, दिराच्या आणि नवऱ्याच्या माघारी भेटावे. 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायालयात जाता येते, 181 या क्रमांकावर फोन करता येतो, हे तिला सांगावे. आणि 'मारतो का?' असे विचारण्याऐवजी विचारावे, "बेटी, तू नाही म्हणालीस तर घरात काय होतं?"

मग मात्र घाई करू नये. उत्तर यायला वेळ लागेल.