एक रुपयाचा मुरूम

एका लहान गावाची नगरपालिका होती. तिच्याकडे आगीचा एकच बंब होता आणि तो भाजीबाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभा असे. बाजाराच्या दिवशी कुठे आग लागली, की आधी टोपल्या हलवायच्या, मग हातगाड्या, आणि मग बंब काढायचा. पुष्कळ वर्षे अर्ज-विनंत्या झाल्यावर सरकारी अनुदान आले आणि गावाबाहेरच्या माळावर अग्निशमन केंद्र बांधायचे ठरले.

अंदाजपत्रक पालिकेच्या अभियंता बाईंनी केले. बाई कामाला चोख होत्या. पाच हजार लिटरच्या बंबात नुसते पाणीच पाच टन भरते, ते त्यांनी धरले. अशी इमारत भूकंपासाठी साध्या घराच्या दीडपट बळ धरून आखतात, कारण गाव पडले तरी बंब बाहेर निघाला पाहिजे, तेही धरले. गावात जिकडेतिकडे काळी माती. शाळा बांधताना ती उपसून मुरूम भरावा लागला होता. त्याच हिशेबाने इथेही 1,500 घनमीटर मुरमाचा भराव लिहिला गेला. माळावर एकदा जाऊन यायचे मात्र राहून गेले. मार्च तोंडावर होता.

चार निविदा आल्या. तांत्रिक लिफाफ्यात चौघेही बसले. आर्थिक लिफाफे उघडले, तेव्हा सर्वांत कमी रक्कम निघाली 1 कोटी 90 लाख. तिच्या वरची 1 कोटी 97 लाख. सात लाख वाचले म्हणून नगराध्यक्षांनी पेढे मागवले.

बाई संध्याकाळी तुलनात्मक तक्ता करायला बसल्या. मुरमाच्या ओळीवर त्यांचा हात थांबला. तिघांनी घनमीटरला 800 रुपयांच्या आसपास दर भरला होता. सर्वांत कमीवाल्याने भरला होता एक रुपया.

"शून्यं राहिली असतील टायपात," लिपिक म्हणाला.

बाईंनी अक्षरी रक्कम पाहिली. तिथे स्वच्छ लिहिले होते, रुपये एक फक्त.

सकाळी त्यांनी ही गोष्ट नगराध्यक्षांच्या कानावर घातली. ते हसले. "अहो, मुरूम फुकट देतोय माणूस. घ्या की!"

बाई तशाच माळावर गेल्या. तिथे एक म्हातारा शेळ्या चारत होता. तरुणपणी त्याने गावच्या निम्म्या विहिरी खणल्या होत्या.

"बाबा, इथे काळी माती किती खोल असेल?"

म्हाताऱ्याने काठी आपटली. "काळी कुठली आलीय, बाई? ही वरची माती हातभर. खाली मुरूमच. कुदळ वाजती."

"हे कधी बोलला नाहीत!"

"इचारलं कुणी? मागं एक ठेकेदार आले होते, त्यांनी इचारलं. त्यांना सांगितलं."

बाईंनी तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेतले. तिन्ही ठिकाणी हातभरावर कुदळ वाजली. म्हणजे भराव लागणारच नव्हता. जे काम व्हायचेच नव्हते, त्याचा दर एक रुपया लावून ठेकेदाराने आपली बेरीज खाली आणली होती. भराव वगळला, तर त्याचे 1 कोटी 90 लाख तसेच राहत होते आणि दुसऱ्याचे बारा लाख कमी होऊन 1 कोटी 85 लाखांवर येत होते. स्वस्त दिसणारी निविदाच पाच लाखांनी महाग होती.

स्थायी समितीत गलका झाला. एक जण म्हणाला, मग दुसऱ्याला देऊन टाका. मुख्याधिकाऱ्यांनी मान हलवली. "लिफाफे फुटल्यावर परिमाणं बदलून आपण क्रम फिरवला, तर उद्या कुणीही कुणाचाही फिरवील. चारही निविदा रद्द. फेरनिविदा काढू."

"आणि त्या एक रुपयावाल्याला काळ्या यादीत टाका," दुसरा म्हणाला.

बाई उठल्या. "त्यांनी काय केलं? ते जागेवर गेले. जायला मी हवं होतं."

यावर कुणी बोलले नाही.

बेरजा चौघांच्याही बरोबर होत्या, नियमही सगळे पाळले होते. तरी पालिकेचा पैसा जाणार होता, कारण आपल्याच जमिनीबद्दल पालिकेहून परका माणूस जास्त जाणत होता. कमी रक्कम निवडणे सोपे असते. ती कशामुळे कमी आहे, हे विचारायला मात्र उन्हातून चालत जावे लागते.

फेरनिविदेत दोन महिने गेले. तेवढ्यात बाजाराच्याच दिवशी एका वाडीत कडब्याची गंजी पेटली, बंब हातगाड्यांत अडकला, आणि गंजीची राख झाली. लोकांनी पालिकेला शिव्या दिल्या. पेढे खाल्लेल्यांनीच बाईंना बोल लावला. बाईंनी ऐकून घेतले.

दुसऱ्या वेळी भरावाची ओळच नव्हती. तोच ठेकेदार पुन्हा आला. या खेपेस त्याने सरळ दर भरले आणि 1 कोटी 81 लाखांत काम त्यालाच मिळाले. पैशाअभावी आधी कापलेला जनरेटर पुन्हा यादीत आला.

पायाची आखणी करायच्या दिवशी ठेकेदार सकाळी सातला माळावर पोचला. बाई त्याच्या आधीच आल्या होत्या आणि म्हाताऱ्याला विचारत होत्या, पावसाळ्यात इथले पाणी कोणत्या अंगाने वाहते.