सत्यान्वेषी आणि क्षमेचा अधिकार

१९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्शी’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा राजवाड्याच्या आसपासच्या आपल्या मराठी घरांतून तिचे जे स्वागत झाले ते अनेकांच्या स्मरणात असेल. धोतर नेसणारा, हलक्या आवाजात बोलणारा रजित कपूर यांचा व्योमकेश, त्याच्या मित्राच्या, अजितच्या, भूमिकेत के. के. रैना आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. ज्या पिढीने शाळकरी वयात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वडीलधाऱ्यांच्या नजरेआड वाचून काढले, तिला हा बंगाली गुप्तहेर मुळीच परका वाटला नाही. वेगळा मात्र वाटला. झुंजारच्या साहसांत थरार होता. व्योमकेश हा संसारी, मध्यमवर्गीय, तुमच्याआमच्यासारखा माणूस होता. शेजारच्या घरात राहणारा एखादा हुशार गृहस्थ असावा तसा.

मध्यंतरी काही समवयस्क स्नेह्यांच्या बैठकीत या व्योमकेशाचा विषय निघाला आणि बोलता बोलता एक प्रश्न उभा राहिला. व्योमकेश खुनी शोधून काढतो. पण क्वचित त्याला सोडूनही देतो. हा अधिकार त्याला कोणी दिला? बैठकीत दोन तट पडले आणि प्रश्न अनिर्णीत राहिला. आम्ही त्या वेळी फारसे बोललो नाही. त्याचे कारण या लेखात पुढे येईल.

प्रथम व्योमकेशाच्या जनकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचे नाते आपल्या मुलखाशीही आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९ साली जौनपूरचा. व्योमकेशाची ‘पथेर काँटा’ ही पहिली कथा त्यांनी १९३२ मध्ये लिहिली. १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहिण्यासाठी ते मुंबईस आले, बॉम्बे टॉकीजमध्ये रमले, आणि व्योमकेश दीर्घकाळ मागे पडला. १९५२ मध्ये चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन ते पुण्यास स्थायिक झाले. व्योमकेशाच्या उत्तरकाळातील कितीतरी कथांत कलकत्त्याच्या गल्ल्या आहेत. परंतु त्या लिहिणारा माणूस पुण्यात बसलेला होता. शिवकालातील सदाशिव नावाच्या एका मराठी मुलाच्या कथाही त्यांनी बंगाली बालवाचकांसाठी लिहिल्या. १९७० मध्ये ते निवर्तले तेव्हा व्योमकेशाच्या बत्तीस कथा पूर्ण झालेल्या होत्या आणि एक अपुरी राहिली होती. आपले पूर्वज माळव्यात आले, येथे रुजले, आणि मराठीत विचार करीत राहिले. शरदिंदूंचा प्रवास थोडासा याच्या उलट दिशेने झाला. म्हणूनही असेल, आम्हांस हा लेखक आपल्यातलाच वाटतो.

या लेखकाने आपल्या नायकाला गुप्तहेर म्हणवून घेऊ दिले नाही. ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द व्योमकेशाला रुचत नाही, त्याचा बंगाली पर्याय त्याहून रुचत नाही. त्याने स्वतःसाठी शब्द निवडला तो ‘सत्यान्वेषी’, आणि तोच दारावरच्या पाटीवर कोरविला. पोलीस गुन्हेगाराचा शोध घेतात, वकील अशिलाची बाजू घेतो, न्यायाधीश दंड ठरवितो. सत्यान्वेषी या तिघांहून निराळा. घडले काय, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. वरवर पाहता हा भेद केवळ शब्दांचा वाटतो. परंतु आमच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. ज्याचे काम केवळ सत्य शोधणे हे आहे, त्याच्याकडे दंडाचा अधिकार नाही हे उघडच आहे. मग क्षमेचा अधिकार तरी कोठून येणार? क्षमा ही दंडाचीच दुसरी बाजू. ज्याला दंड देता येत नाही त्याला क्षमाही करता येऊ नये, असे तर्कशास्त्र सांगते.

तरीही ‘आदिम रिपु’ या कथेत व्योमकेश खुन्याला पोलिसांच्या स्वाधीन करीत नाही. १९४६च्या कलकत्त्यातील दंगलींपासून स्वातंत्र्याच्या पहाटेपर्यंत पसरलेली ती कथा आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा रसभंग नको म्हणून अधिक सांगत नाही. एवढेच की मेलेला मनुष्य दुष्ट होता, मारणारा मनुष्य अभागी होता, आणि वाचकाचे मन व्योमकेशाच्या निर्णयापाशी हलके होते. आमचेही झाले होते. त्या हलकेपणाचीच आज आम्ही उलटतपासणी करू इच्छितो.

असे करणारा व्योमकेश एकटा नव्हे. सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सने हेच अनेकदा केले आहे. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या निळ्या माणकाच्या कथेत तो चोराला दार उघडून जाऊ देतो. पुढे १९०४ मधील ‘ॲबी ग्रेंज’च्या कथेत तर मनुष्यवध करणाऱ्या एका खलाशी कप्तानालाही मोकळा सोडतो. पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. माणकाच्या चोरीचा आळ एका निरपराध कारागिरावर आलेला असतो आणि तो कोठडीत असतो. खऱ्या चोराला सोडण्यापूर्वी होम्सने हिशेब केलेला आहे: हा चोर आता साक्षीला उभा राहणार नाही, त्यामुळे कारागिरावरील खटला कोसळणार. कप्तानाला तर तो स्पष्टच बजावतो की, कायद्याच्या हाती दुसरा कोणी निर्दोष सापडेपर्यंतच माझे मौन टिकेल. त्याने क्षमा केली खरी, पण तिला एक अट घातली. दुसऱ्या कोणाच्या मानेवर ओझे जाणार नसेल तरच ती क्षमा.

या अटीचे स्मरण ठेवून व्योमकेशाकडे पुन्हा पाहावे. ‘अर्थमनर्थम्’ या कथेत सुकुमार नावाच्या तरुणाला खुनाच्या आरोपावरून अटक होते आणि त्याची बहीण व्योमकेशाच्या दाराशी येते. तीच सत्यवती, जी पुढे त्याची पत्नी होते. खुन्याला फासावर पाहण्याची इच्छा तिला तेथे घेऊन आली नव्हती. भाऊ सुटावा म्हणून ती आली होती. नायिकेचे नाव सत्यवती ठेवताना शरदिंदूंच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु आम्हांस असे वाटते की, सत्यान्वेषणाचे पहिले प्रयोजन या बहिणीच्या याचनेत आहे. गुन्हेगाराला शिक्षा होणे ही पुढची पायरी झाली. त्याआधी, ज्याने काही केले नाही त्याच्यावरचा संशय फिटला पाहिजे. सत्य हे प्रथम निर्दोषाचे देणे आहे.

आता आम्ही बैठकीत गप्प का राहिलो ते सांगतो. राज्य शासनाच्या सेवेत असताना एका कार्यालयातील प्राथमिक चौकशी आमच्याकडे आली. कार्यालयाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. रोकडवही आणि तिजोरीतील शिल्लक यांत काही हजारांचा फरक होता. किल्ल्या दोघांकडे असत: निवृत्तीला थोडे महिने उरलेले कॅशियर आणि नुकताच नोकरीस लागलेला एक तरुण लिपिक. चौथ्या दिवशी कॅशियरनी आमच्या खोलीत येऊन सर्व कबूल केले. पत्नीच्या आजारपणात पैसे वापरले होते. रक्कम भरली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पै न् पै भरली. आम्हांस दया आली. अहवालात आम्ही लिहिले की, रकमेची भरपाई झालेली असून जबाबदारी कोणा एकावर निश्चित करता येत नाही. कॅशियर सन्मानाने निवृत्त झाले. आम्ही एका वृद्धाचे निवृत्तिवेतन वाचविले या समाधानात बरीच वर्षे काढली.

आमच्या स्वतःच्या निवृत्तीनंतर एका संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ, तो लिपिक भेटला. आता तोही प्रौढ झालेला. वाकून नमस्कार केला, घरची विचारपूस केली. मग म्हणाला, “साहेब, एकच विचारतो. तेव्हा तुम्हांला कळलं होतं ना?” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ‘जबाबदारी निश्चित करता येत नाही’ हे आमचे वाक्य त्याच्या नोकरीभर त्याच्यामागे चालत आले होते. दोघांपैकी एक निवृत्त होऊन गेला. कार्यालयात उरला तो हा. रोखीचे काम त्याला पुन्हा कधी मिळाले नाही, आणि पदोन्नतीच्या प्रत्येक वेळी ती जुनी फाईल कोणीतरी वर काढीत असे. आम्ही त्याला उत्तर दिले नाही. फार वर्षे झाली त्या गोष्टीला, असे काहीतरी पुटपुटलो. त्याने पुन्हा नमस्कार केला आणि तो सराफ्याच्या दिशेने गर्दीत मिसळून गेला.

आमचा दोष दया करण्यात नव्हता, हे आज आम्हांस स्पष्ट दिसते. शासकीय चौकशीची रचना मुळात सुज्ञ आहे. चौकशी करणाऱ्याने घडले काय ते सांगायचे, आणि शिक्षा किती व कोणती हे ठरविणारा अधिकारी वेगळा असतो. म्हणजे चौकशी अधिकारी हाही एक सत्यान्वेषीच. आम्ही सत्य लिहून त्याखाली दीर्घ सेवा, आजारपण, संपूर्ण भरपाई हे सर्व नमूद करू शकलो असतो आणि सौम्यतेची शिफारस करू शकलो असतो. दयेला जागा होती. ती जागा अहवालाच्या शेवटी होती. आम्ही दया निष्कर्षाच्या जागी नेऊन बसविली. शिवाय जी क्षमा आम्ही उदारपणे वाटली, तिची किंमत आमच्या खिशातून गेलीच नाही. एका तरुणाने ती हप्त्याहप्त्याने भरली.

जे व्यक्तीच्या बाबतीत तेच संस्थानाच्या. आपल्या घरांतून आजही दबक्या आवाजात बोलले जाणारे बावला प्रकरण पाहा. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेल्या आणि पूर्वी इंदूर दरबारात राहिलेल्या मुमताज बेगम जखमी झाल्या. हल्ला करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयात शिक्षा झाल्या. हुकूम कोणाचा, हा प्रश्न मात्र न्यायासनापुढे कधी निकालात निघाला नाही. चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी असे दोन मार्ग ब्रिटिश सरकारने तुकोजीराव महाराजांपुढे ठेवले, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. होळकरांचे अन्न खाल्लेल्या घराण्यांपैकीच आमचेही एक. दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. उलट आमची खंत अशी की, चौकशी टळल्याने जे दोषी असतील ते झाकले गेले आणि जे निर्दोष असतील त्यांनाही निर्दोष ठरण्याची संधी मिळाली नाही. शंभर वर्षे लोटली तरी संशय तेथेच उभा आहे.

मग क्षमा करावयाची कोणी? याचे उत्तर आम्हांस राजवाड्यालगतच्या आडा बाजाराच्या नावात सापडते. लोककथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू गेले. अहिल्याबाईंनी पुत्रास तोच दंड फर्माविला आणि सारथी धजेना तेव्हा स्वतः रथ हाती घेतला. परंतु गाय पुनःपुन्हा रथाला आडवी आली, आणि दंड थांबला. हा इतिहास नव्हे. मालेराव १७६७ मध्ये आजारपणाने वारले. पण कथा रचणाऱ्या लोकमनाची समज पाहावी. त्यांनी देवीस्वरूप अहिल्याबाईंच्या हातूनही क्षमा करविली नाही. त्यांनी सत्य उघडपणे मान्य केले, दंड ठरविला, आणि क्षमेसाठी वाट पाहिली ती त्या गाईची. जिचे वासरू गेले, तिचा तो अधिकार.

त्या बैठकीत आम्ही बोललो असतो तर एवढेच म्हटले असते: व्योमकेशाने सोडले म्हणून आपणही सोडावे, असे नाही. त्याच्या कथेत लेखकाने शेवटच्या पानापर्यंत सर्व निर्दोषांची सोय लावलेली असते. आपल्या आयुष्यात ती सोय कोणी लावून ठेवीत नाही; ती आपल्याला स्वतः पाहावी लागते.

बागेतल्या त्या भेटीनंतर आम्ही त्या गृहस्थांस पत्र लिहिले. ‘होय, आम्हांस तेव्हाच कळले होते, आणि तुमचा काही दोष नव्हता,’ असे त्यात स्वच्छ लिहून खाली सही केली, आणि हे पत्र कोणासही दाखविण्याची मोकळीक दिली. क्षमा मागितली नाही. तो शब्द लिहून त्यांच्यावर उत्तराचे आणखी एक ओझे टाकावे असे वाटले नाही. उत्तर आलेले नाही. येईल अशी अपेक्षाही आम्ही धरीत नाही.