सोप्या वाटेचे पुण्य

माउंटन बाइक ही मुळात उतारासाठी घडलेली सायकल. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट तमालपाइसच्या परिसरातल्या मातीच्या रस्त्यांवरून १९७०च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली भरधाव खाली सोडत. १९७६ साली सुरू झालेल्या तिथल्या एका शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले, कारण एकाच उतरणीत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. त्याच वंशाची सायकल आज दिल्लीभोवतीच्या सपाट मुलखातही फिरते: यमुनेच्या खादरात म्हणजे पूरमैदानात, पुश्त्यांवरून म्हणजे नदीच्या बांधांवरून, मोहरीच्या शेतांमधल्या कच्च्या वाटांनी आणि गुरुग्राम-फरीदाबादकडच्या अरवलीच्या बुटक्या टेकड्यांमधून. दिल्लीत यमुनेचा काठ समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर आणि भाटीकडचा सर्वांत उंच भाग ३१८ मीटरवर. साऱ्या राजधानीत मिळून चढ एवढाच. ट्रेलच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सरासरी पाच टक्क्यांपर्यंत चढ आणि तीन फुटांहून अधिक रुंदी असलेली वाट ‘हिरवी’, म्हणजे सोपी मानतात. दिल्लीच्या परिसरातल्या बहुतेक वाटा त्याच रंगाच्या. खरा त्रास चढाचा नसतो, टायरमध्ये घुसणाऱ्या विलायती किकरच्या, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या, काट्यांचा असतो.

डोंगराची सायकल सपाटीवर चालवणाऱ्याकडे अवघड वाटेचे सायकलस्वार थोडे कीव करून पाहतात. त्या नजरेमागे एक जुना प्रश्न आहे: जे कष्टावाचून साधते त्याला मोल असते का? धर्मविचाराने हा प्रश्न तपाच्या संदर्भात हाताळला आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्राने कर्तव्याच्या संदर्भात. खेळाच्या तत्त्वज्ञानाकडे तो फार उशिरा आला. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या अनावश्यक अडथळे ओलांडण्याचा स्वेच्छेने केलेला प्रयत्न अशी केली. अडथळा जेवढा मोठा तेवढा खेळ थोर, असा अर्थ त्यातून सहज काढता येईल. पण व्याख्या तसे म्हणत नाही. सोयीचे साधन असूनही ते नाकारणे, एवढीच तिची अट. शेजारी डांबरी रस्ता असताना मातीची वाट धरणाऱ्याने ती अट पुरी केलेली असते.

देव कष्टाने पावतो, ही समजूत मात्र खोल रुजलेली आहे. श्रावणात हरिद्वारहून गंगाजलाच्या कावडी खांद्यावर घेऊन दिल्ली-हरियाणाकडे पायी परतणाऱ्यांचे व्रत हे तिचे ठळक रूप. डाक कावडीत तर ते पाणी धावत आणायचे असते. या श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नाही. तरीही शास्त्रग्रंथ उघडले की नेमका उलटा सूर सापडतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या उपासकांचे कष्ट अधिक असल्याचे कृष्ण सांगतो. त्यांनाही तोच मुक्काम लाभतो, पण जास्त क्लेश सोसल्याबद्दल जास्त फळ मात्र मिळत नाही. ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी त्या बिकट मार्गाचे विस्तृत वर्णन येते आणि भक्तीची वाट सरस ठरते. सतराव्या अध्यायातली भाषा आणखी कडक आहे: दंभाने आणि अहंकाराने शरीराला पिळणारे तप तिथे आसुरी म्हटले आहे. पतंजलीने आसन स्थिर आणि सुखाचे असावे असे सांगून, ते साधण्याचा एक उपाय प्रयत्न सैल करणे हा दिला. कठोर तपश्चर्या करून पाहिल्यावर बुद्धानेही मध्यम मार्ग धरला.

दिल्लीपुरता या प्रश्नाचा सर्वांत जुना पुरावा दगडावर कोरलेला आहे. कालकाजी मंदिराजवळ बहापूर येथे, अरवलीच्याच एका उघड्या खडकावर, १९६६ साली अशोकाचा लघुशिलालेख उजेडात आला. आपण उपासक झालो खरे, पण सुरुवातीला फारसा उद्यम केला नाही, अशी कबुली सम्राट त्यात देतो. संघाच्या सहवासानंतर आपण नेटाने झटू लागलो आणि त्याचे फळ दिसले, असे तो पुढे सांगतो. हे फळ केवळ थोरांसाठी नाही, लहान माणसालाही पराक्रमाने ते मिळवता येते, हा त्या लेखाचा गाभा. इथे पराक्रम म्हणजे देहदंड नाही; सातत्याने धरलेला नेट आहे. लहानथोर सर्वांना खुली असायची तर वाट चालता येण्याजोगी असावीच लागते.

महाराष्ट्रातले उदाहरण वारीचे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यात मोठी चढण दिवे घाटाची. बाकीचा बराच रस्ता माळाचा आणि नदीखोऱ्याचा. म्हातारीकोतारी माणसे, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया ही वाट चालतात. वारी श्रेष्ठ ठरते ती नेमामुळे. घाटाच्या उंचीशी तिचा संबंध नाही.

सोप्या वाटेलाही मोल असते, या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप इमॅन्युएल कान्टच्या नीतिविचारातून निघतो. आवडीचे आणि कर्तव्याचे काम एकच असेल, तर माणूस ते कशासाठी करतो आहे हे कळायचे कसे? गंमत म्हणून केले की निष्ठेने? कष्ट आले की हेतू उघडा पडतो. आक्षेप खरा आहे, पण तो फक्त ओळखण्यापुरता. अवघड प्रसंगी निष्ठा दिसते, याचा अर्थ ती तिथेच जन्मते असा होत नाही. ॲरिस्टॉटलने तर चांगले काम करताना ज्याला आनंद होत नाही, त्याला चांगला माणूसच मानले नाही.

सोप्या वाटेची परीक्षा होते ती संयमाच्या बाजूने, आणि तिचे उदाहरण याच परिसरात आहे. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यापासून थोड्या अंतरावर मांगर बनी ही देवराई आहे. तिथले मुख्य झाड धौ. आपल्या धावड्याच्या कुळातले. मांगर, बंधवाडी आणि बालियावास या गावांतले गुर्जर तिला गुदडियादास बाबांचे वन मानतात. या वनातली फांदी तोडायची नाही आणि गुरे चारायची नाहीत, एवढाच नेम. यात उपवास नाही, अनवाणी चालणे नाही. शरीराला काडीचा त्रास नाही. भोवतालची अरवली खाणींनी पोखरली जात असताना हे वन राहिले ते या नेमामुळे. व्रताचे मोल देहाच्या क्लेशावर मोजणाऱ्याला हे व्रत क्षुल्लक वाटेल, आणि तिथेच त्या मोजमापाची चूक दिसते.

सायकलस्वाराचा प्रश्नही इथे अधिक नेमका होतो. सोपी वाट सर्वांना खुली असते, म्हणून तिच्यावर गर्दीही सहज होते. चाकांनी माती सुटते, पायवाटेला फाटे फुटतात, शांत राहिलेल्या जागी टोळकी येतात. अवघड ट्रेलवर अंगची ताकद संपली की माणूस आपोआप मागे फिरतो. इथे जोर शिल्लक असताना थांबावे लागते. सायकलसाठी बाकी एवढा सपाट मुलूख मोकळा असताना देवराईत चाक नेण्याचे कारण उरत नाही. हरियाणा सरकारने २०१६ मध्ये मांगर बनीच्या ६७७ एकरांचा गाभा आणि त्याभोवतीचा पट्टा बांधकामाला बंद केला; गावांचा नेम त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे.