शाळेची निवड : एक अमानत

निकाल लागला की घरोघरी प्रश्न उभा राहतो, आता मुलाला कोणत्या शाळेत घालावे? आपल्या वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला वा सातवीला संपते. पुढे देवळी, आर्वी, हिंगणघाट किंवा वर्धा गाठावे लागते. तेव्हा आपण काय विचारतो? माध्यम कोणते, फी किती, संस्था ‘आपल्या लोकांची’ आहे काय? हे प्रश्न गैर नाहीत. परंतु अपत्य ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे असे मानणाऱ्याने आधी हे पाहावयास हवे की, शाळा मुलाचे हित पाहते, की त्याचा उपयोग करून घेते?

वर्ध्यातच हा प्रश्न एकदा रोखठोक विचारला गेला. ऑक्टोबर 1937 मध्ये येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकांचा पगार निघावा, अशी त्यांची अपेक्षा होती. जामिया मिल्लियाच्या डॉ. झाकिर हुसैन यांनी त्याच सभेत इशारा दिला की, उत्पन्नावर भर दिल्यास शिक्षक गरीब मुलांना राबविणारे मुकादम बनतील. विशेष म्हणजे, योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच सोपविण्यात आले.

आज सुताची जागा गुणांनी घेतली आहे. शंभर टक्के निकालाच्या फलकासाठी कच्च्या मुलाला नववीतच दाखला काढावयास सुचविणारी शाळा निराळे काय करते? ती आपल्या समाजाची असली तरी काय फरक पडतो?

बद्रच्या युद्धातील साक्षर कैद्यांनी मदीनेच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरविले, हे सीरतच्या वाचकांस ठाऊक आहे. ते शिक्षक कालपर्यंतचे शत्रू होते. त्यांच्याकडून अक्षरे घेतली गेली. दीनी तरबियत मात्र घर आणि मस्जिद यांच्याकडेच राहिली. आपण नेमके उलट करतो. तरबियतीचा भार शाळेवर टाकून मोकळे होतो आणि मग शाळेचे नाव पाहून समाधान मानतो.

मुलीच्या बाबतीत तर अंतराची सबब फार लवकर पुढे येते. ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा पास विनामूल्य मिळतो. थांब्यापर्यंत सोबत जाणे बापाला अवघड नसावे.

तेव्हा प्रवेशापूर्वी शाळा भरलेली असताना एकदा जाऊन या. मुख्याध्यापकांना पहिल्या आलेल्या मुलाविषयी विचारू नका. मागे पडलेल्यासाठी काय करता, ते विचारा. गेल्या वर्षी नववीतून किती मुले गेली, आणि का, हेही.