लहरींची साक्ष

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली. आम्हां पलूसकरांच्या शेतांना पाणी देणाऱ्या कृष्णामाईला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते. म्हणून ती पहाट आम्हांला परकी नाही.

माणसाने पाडलेले सर्वांत खोल विवर जेमतेम १२ किलोमीटरचे. पृथ्वीचा गाभा सुरू होतो तो सुमारे २,९०० किलोमीटरवर. तरी तेथील वार्ता आपल्याला मिळते, ती भूकंपलहरींमुळे. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. त्या जेथे पोहोचल्या नाहीत, त्यावरून बाह्य गाभा द्रवरूप असल्याचे उमगले. १९२९ मधील न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी अभ्यासून इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने १९३६ मध्ये त्याच्याही आतला गाभा दाखवून दिला. ज्या कंपाने घरे पाडली, त्यानेच पृथ्वीचे अंतरंग उघड केले.

मग ज्ञान मिळाले म्हणून ते मरण सार्थकी लागले, असे म्हणावे काय? शोकाकुल घरी आपण घाईने म्हणतो, 'यातही देवाचा काही हेतू असेल.' आम्हीही तसे बोललो आहोत, आणि आज त्याची खंत वाटते. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर कोसळला, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते हे प्रभू येशूने साफ नाकारले. त्या मरणाचे समर्थनही त्याने केले नाही. त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाची हाक दिली. दुःखातून फळ निघाले म्हणून दुःख न्याय्य ठरत नाही. पुनरुत्थान झाले म्हणून खिळे ठोकणारे हात निर्दोष ठरले नाहीत.

परंतु ते फळ नाकारणे हाही मृतांचा अनादरच होय. असे ज्ञान म्हणजे ऋण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार जीव गेले. कोणती भिंत घात करते, हे आता आपण जाणतो. कोयनेचे भूकंप जलाशयाशी निगडित आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेथे ३ किलोमीटर खोल विवर घेऊन त्यांचा अभ्यास चालला आहे. त्या जलाशयाचा लाभ आपल्याला आणि हादरे डोंगरातल्या बांधवांना, हे विसरून कसे चालेल?

प्रिय वाचकहो, लहरींनी साक्ष दिली आहे. देवाने हे का होऊ दिले, याचे उत्तर आम्हांपाशी नाही. आपला शेजारी कोणत्या छपराखाली निजतो, हे पाहणे मात्र आपल्या हाती आहे. आणि न्यायाच्या दिवशी आपल्याला तेच विचारले जाईल.