पायाखालची साक्ष

ज्याने यातना भोगली त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तिची साक्ष देता येते काय, हा प्रश्न धर्मचिंतनात आणि तत्त्वज्ञानात जुना आहे. राज्यसत्तेच्या संघर्षात मारल्या गेलेल्यांच्या बाबतीत मात्र तो अधिक बिकट होतो, कारण ज्यांनी बोलायचे तेच उरलेले नसतात आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार सत्ता सहसा स्वतःकडे घेते. कोलंबियातील शिल्पकार डोरिस साल्सेदो यांच्या कलाकृती या प्रश्नाला भिडतात.

नोव्हेंबर १९८५ मध्ये बोगोता येथील सर्वोच्च न्यायालयाची इमारत ‘एम-१९’ या गनिमी संघटनेने ताब्यात घेतली आणि लष्कराने ती बळाने परत मिळवली. त्या दोन दिवसांत ११ न्यायमूर्तींसह सुमारे १०० जण मृत्यू पावले. २००२ मध्ये, त्याच तारखांना, साल्सेदो यांनी तेथे नव्याने बांधलेल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरून सुमारे २८० रिकाम्या लाकडी खुर्च्या ५३ तासांत हळूहळू खाली सोडल्या. मृतांचा चेहरा वा नाव त्यांत कोठेही नव्हते. होती ती केवळ बसणाऱ्याची अनुपस्थिती.

२००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या फरशीत त्यांनी १६७ मीटर लांबीची भेग पाडली आणि तिला ‘शिब्बोलेथ’ हे नाव दिले. बायबलमधील ‘शास्ते’ या ग्रंथात, यार्देन नदीच्या उतारावर पकडलेल्या एफ्राईमी लोकांना हा शब्द उच्चारायला लावला जातो आणि ज्यांच्या तोंडून ‘श’ऐवजी ‘स’ निघतो त्यांना ठार केले जाते. मृतांची संख्या ४२,००० सांगितली आहे. जिभेच्या एका वळणावरून आपला कोण आणि परका कोण हे ठरवणारी ही सीमा आजच्या स्थलांतरितांपुढेही उभी आहे, हे त्या भेगेचे सांगणे होते. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली गेली, तरी तिचा व्रण फरशीवर राहिला.

२०१६ च्या शांतता करारानंतर ‘फार्क’ बंडखोरांनी खाली ठेवलेली शस्त्रे वितळवून साल्सेदो यांनी २०१८ मध्ये बोगोतात ‘फ्रागमेंतोस’ ही वास्तू साकारली. सुमारे ३७ टन धातूच्या लाद्यांनी तिची जमीन मढवलेली असून, त्या लाद्यांचे साचे ज्या पत्र्यांवरून घेतले, ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी हातोड्याने ठोकून घडवले. स्मारक म्हणजे मान उंचावून पाहण्याची वस्तू, ही रूढ कल्पना येथे उलटते आणि शस्त्रे पायाखाली येतात.

येथे एक आक्षेप रास्त आहे: ही वास्तू शासनाच्याच करारातून उभी राहिली, तेव्हा सत्तेने स्वतःलाच क्षमा करून घेण्याचा तो मार्ग ठरणार नाही काय? साल्सेदो यांच्यावर प्रभाव असलेल्या एमान्युएल लेव्हिनास या तत्त्वज्ञाच्या मते, दुसऱ्याविषयीचे उत्तरदायित्व, म्हणजे त्याच्या हाकेला ‘ओ’ देण्याचे बंधन, आपण पत्करण्याआधीच आपल्यावर येऊन पडलेले असते. म्हणून ते कोणत्याही तहाने फिटत नाही. त्या स्त्रियांच्या घावांनी खडबडीत झालेल्या जमिनीवर कोणालाही त्यांच्या वतीने बोलायचे नसते, कारण साक्ष त्यांनी स्वतः दिलेली आहे. तेथे चालणाऱ्याकडे उरते ते उत्तरदायित्व, आणि क्षमा करावी की नाही हा निर्णय, राज्याने करार केला तरीही, ज्यांनी सोसले त्यांच्याच हाती राहतो.