बत्तीस घास आणि तेराशे पंचाहत्तर कॅलरी

जयसिंगपुरात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मी शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी जैन घरातली. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बायका वजनाबरोबर धर्माचे प्रश्नही मोकळेपणाने विचारतात. दशलक्षण पर्व जवळ आलं होतं तेव्हा एक बाई आल्या. वय 46, उंची 156 सेंटिमीटर, वजन 78 किलो. गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते. म्हणाल्या, "ताई, रोज किती कॅलरी खायच्या तेवढं सांगा. मी अवमौदर्याचा नियम घेते. वजनही उतरेल आणि तपही होईल." आकडा त्यांनी मनात आधीच ठरवला होता: 800.

त्यांच्या बोलण्यात एक खरा प्रश्न होता. वजन उतरावं म्हणून भुकेपेक्षा कमी खाणं, हे तप आहे का?

तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. त्यातलं पहिलं अनशन आणि दुसरं अवमौदर्य, म्हणजे पोट पूर्ण न भरता उठणं. पण पूर्ण म्हणजे किती? आपल्या परंपरेने हे भूक सांगेल त्यावर सोडलं नाही, आकडा दिला. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास, स्त्रीचा 28. एका घासाचं मापही दिगंबर परंपरेत सांगतात: हजार तांदूळ. त्यातून एक घास कमी केला तरी अवमौदर्य सुरू होतं, आणि ते एकाच घासापर्यंत खाली जाऊ शकतं.

मी हा हिशेब आजच्या मापात करून पाहिला. मध्यम दाण्याचे हजार तांदूळ साधारण 20 ग्रॅम भरतात. 32 घासांचे झाले 640 ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळाला 350 कॅलरी धरल्या, तर दिवसाचा आहार 2240 कॅलरींचा होतो. स्त्रीच्या 28 घासांचा 1960. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये बैठं काम करणाऱ्या पुरुषासाठी 2110 आणि स्त्रीसाठी 1660 कॅलरी धरल्या आहेत. कष्टाचं काम असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. दाणा लहान-मोठा असतो, म्हणून या जुळणीतून मी काहीही सिद्ध करू पाहत नाही. पण ज्यांनी ते माप लावलं त्यांनी माणसाचं जेवण नीट पाहिलं होतं, एवढं मी नक्की म्हणेन. आणि घास म्हणजे सुमारे 70 कॅलरी, हे एकदा कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं. दीड चमचा तेलात एक घास जातो.

आता त्या बाईंचा हिशेब. 1990 साली अमेरिकेत मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र मी वापरते. वजनाला 10 ने गुणायचं, 780. उंचीला 6.25 ने, 975. दोन्हींची बेरीज 1755. त्यातून वयाची पाचपट, म्हणजे 230, वजा करायची आणि स्त्रीसाठी आणखी 161. उरतात 1364. नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड चालवायला शरीर एवढं खर्च करतं. घरकाम आणि थोडंफार चालणं धरून याला 1.375 ने गुणलं की साधारण 1875. यातून 500 कमी केल्या: 1375. शरीरातल्या एक किलो चरबीमागे सुमारे 7700 कॅलरी धरतात. त्यामुळे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजन उतरावं.

हा आकडा मी कागदावर लिहून देते आणि लगेच सांगते की हा अंदाज आहे. सूत्र अनेकांच्या सरासरीतून निघालं आहे. एखादीचा खरा खर्च दीडदोनशेने वर किंवा खाली असू शकतो. सगळ्यात जास्त चूक त्या गुणकात होते, कारण आपण किती हालचाल करतो हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बहुधा कमी असतं. शिवाय आकडा जागेवर राहत नाही. दहा किलो उतरले की याच बाईंचा खर्च 1738 वर येईल, आणि तेच 1375 खाऊन रोजची तूट 500 ऐवजी 363 राहील. शरीर त्याहूनही थोडी जास्त काटकसर करतं. म्हणून तीन-चार आठवडे खाऊन, वजन पाहून, आकडा पुन्हा ठरवावा लागतो. चरकसंहितेनेही आहाराची मात्रा प्रत्येकाच्या अग्निबलावर सोडली आहे. सगळ्यांना एक माप दिलेलं नाही.

मग 800 का नको? कमी खाल्लं की तप वाढतं, असं त्यांना वाटत होतं. इथे माझं आणि त्यांचं बराच वेळ बोलणं झालं.

पूज्यपादाचार्यांनी सर्वार्थसिद्धीत अवमौदर्याची कारणं दिली आहेत. संयमात जागं राहता यावं, दोष शांत व्हावेत, संतोष यावा, स्वाध्याय सुखाने व्हावा. वजनाचा उल्लेख त्यात नाही, यात नवल नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही सगळी कारणं मनाच्या मोकळेपणाची आहेत. पोट हलकं ठेवायचं, कारण मन अन्नावरून उठून दुसरीकडे जावं. म्हणजे अवमौदर्य साधलं की नाही याची कसोटीही तिथेच आहे: कमी खाऊन अन्नाचा विचार कमी झाला, की वाढला?

1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं होतं. युद्धानंतर उपाशी युरोपला कसं खाऊ घालायचं हे त्यांना शिकायचं होतं. ते तरुण सद्विवेकाने युद्धाला नकार दिलेले होते. त्यांतले बरेच शांततावादी ख्रिस्ती पंथांतले, स्वखुशीने आलेले. हेतूही चांगला, श्रद्धाही पक्की. तरी त्यांची मनं अन्नाने व्यापली. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताट चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. कशातही लक्ष लागेना. त्यांना दिवसाला सुमारे 1570 कॅलरी मिळत होत्या आणि आठवड्याला कितीतरी मैल चालावं लागत होतं. हेतू शुद्ध असला तरी शरीर आपलं काम सोडत नाही. ज्या उपाशीपणात स्वाध्यायाचं पान उलटत नाही, त्याला पूज्यपादांच्या कारणांपैकी एकही कारण लागू पडत नाही.

त्या म्हणाल्या, "पण कायक्लेशही तपच आहे ना? आणि शांतिसागर महाराजांनी तर अन्न पूर्ण सोडलं." महाराजांचा फोटो आमच्याही घरात आहे. 1955 मध्ये कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली, तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं आणि मागे मुनिजीवनाची कितीतरी वर्षं होती. दृष्टी गेल्यावर जीवरक्षण पाळता येईना, म्हणून त्यांनी तो निर्णय घेतला. शेवटाला धर्म राखण्यासाठी शरीर सोडणं आणि गुडघे बरे व्हावेत म्हणून शरीर हलकं करणं, या दोन गोष्टी एका रांगेत बसत नाहीत. बाईंना अजून तीस-चाळीस वर्षं याच शरीराने मंदिराची पायरी चढायची आहे.

सोळाकारण भावनांत एक शक्तितस्तप आहे. तप शक्तीप्रमाणे करावं. शक्ती लपवू नये, आणि शक्ती ओलांडूही नये. कॅलरीच्या हिशेबाला धर्म भेटतो तो इथे, असं मला वाटतं. वजन उतरवणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष आकडा किती खाली नेता येईल याकडे असतं. खालची मर्यादा धर्म घालतो. आपल्या शरीरातल्या जीवालाही अभय द्यायचं आहे. 800 वर स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात. इतका कमी आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचा असतो. हौसेने घेतलेला असा नियम मला हिंसेच्या बाजूला गेलेला दिसतो.

म्हणून माझं उत्तर असं आहे. 1375 हे तप नाही. तो शरीराच्या दुरुस्तीचा हिशेब आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. औषध घेणं हेही तप नसतं. तप करायचंच असेल तर त्या हिशेबाच्या आत जागा आहे. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतला एखादा रस सोडतात. पर्वाचे दहा दिवस तेल सोडलं तर कढईतले रोजचे चार घास आपोआप कमी होतात आणि जिभेचं मागणंही कळतं. मुनी आहाराला निघण्याआधी मनात मर्यादा ठरवतात. घरच्या बाईने बसण्याआधीच ताटात सगळं वाढून घ्यावं, दोन भाकऱ्या, आमटी, भाजी, ताक, आणि नंतर हात आखडावा. एकाशनाबद्दल मात्र सावध राहा. दिवसातून एकदाच जेवलं म्हणून शिरा, पुरी आणि वर तूप यांच्या कॅलरी कमी होत नाहीत.

बाईंनी 1375 चा कागद घेतला आणि पर्वापुरता तेलाचा त्याग घेतला.

माझी एवढीच विनंती आहे: ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांचं मूल अंगावर पीत आहे, त्यांनी उपवासाचा किंवा कमी आहाराचा नियम घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि नियम देणाऱ्या महाराजांना किंवा माताजींना आपला आजार लपवून न ठेवता सांगावा.